यंत्रानं मध्ये बोलू नये

घरचा संगणक गाणं ऐकण्यासाठी लायक कसा करावा, असा प्रश्न अलीकडे बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं ते चार ओळींचं. अमुक पेटी घ्या, तमुक बटन बंद करा, झालं. ती उत्तरं मी देणार आहेच. पण त्या उत्तरांच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच मुलखातून गेलेला आहे. तो माहीत असला की कशावर पैसे खर्च करायचे आणि कशावर नाही, हे आपलं आपल्याला कळतं. मी विज्ञानाचा माणूस नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा. पण आवाज नीट ऐकणं हे कवीचंही कामच आहे.

आवाज एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, किंवा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे न्यायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, तो वाटेत बदलता कामा नये. दुसरी, त्याची वेळ चुकता कामा नये. आवाज म्हणजे काळात मांडलेली वस्तू. चित्र थोडं उशिरा पाहिलं तरी चित्रच राहतं. पण तान मध्येच अर्धा क्षण थांबली तर ती तान राहत नाही. संगणकावर संगीत चांगलं वाजवणं म्हणजे या दोन अटी पाळणं. बाकी सारा तपशील.

या अटी यंत्राच्या आधीच्या आहेत. वेदपाठी घराण्यांत घनपाठ म्हणतात तेव्हा शब्द सरळ क्रमानं येत नाहीत. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन, अशी गुंफण असते. ऐकणाऱ्याला ती पुनरुक्ती वाटते. तिचा उपयोग असा, की एखादा शब्द निसटला किंवा मागेपुढे झाला तर चूक तिथल्या तिथं उघडी पडते. आमच्याकडे रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिज पाठ कुराण म्हणत असतो, तेव्हा मागे दुसरा जाणकार कान देऊन उभा असतो. इमाम अडखळला किंवा एखादा शब्द गाळला तर तो मागून योग्य शब्द पुरवतो. त्याला ‘लुकमा देणं’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास. दोन परंपरा वेगळ्या, पण दोघींनी एकच गोष्ट ओळखली होती : माणूस चुकणारच, म्हणून चूक पकडण्याची सोय पाठ करण्याच्या रीतीतच हवी. आजच्या संगणकाच्या जाळ्यात हीच सोय दुसऱ्या रूपात आहे. तिच्याकडे मी थोड्या वेळानं येतो.

एडिसननं १८७७ साली कथलाच्या पत्र्यावर आवाज उमटवला आणि १८८७ साली बर्लिनरनं सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. पंधरा वर्षांत ती तबकडी हिंदुस्थानात आली. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग हा ध्वनिमुद्रक कोलकात्यात उतरला. तिथं त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. त्या काळी मुद्रण इथं आणि तबकडी छापायची जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये, असा मामला होता. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण, हे कळावं कसं? म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी आपलं नाव इंग्रजीत सांगून टाकी. आज संगणकातल्या प्रत्येक फाइलला गायकाचं, रागाचं, सालाचं जे लेबल लावावं लागतं, त्याची ही खापरपणजी म्हणायला हरकत नाही. लेबल नसलेली फाइल म्हणजे बेवारस आवाज, हे त्या बाईला संगणकाच्या कितीतरी आधी कळलं होतं. पुढे १९०८ साली कोलकात्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडी बनायची ती लाखेपासून, आणि लाख आपल्याच जंगलांतली.

या तबकडीनं एक जुना प्रश्न नव्यानं उभा केला. तिच्यावर ‘७८ फेरे’ असं पुढे रूढ झालं, पण सुरुवातीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. मुद्रण कधी सत्तरीच्या थोडं वर, कधी ऐंशीच्या आसपास व्हायचं. समजा, एखादी तबकडी मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित केली आणि आपण ती ७८वर वाजवली. फरक चार फेऱ्यांचा, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आत. पण स्वरांच्या हिशेबात तो जवळजवळ एका अर्धस्वराएवढा होतो. गायकाचा षड्ज आपल्याला कोमल ऋषभाच्या जागी ऐकू येतो. गाण्याची लय वाढते, आवाज कोवळा आणि बारीक वाटतो. मग आपण म्हणतो, ‘त्या काळी लोक पट्टी चढवून गात असत.’ कदाचित गातही असतील. पण आधी यंत्राची गती तपासायला हवी. यंत्र मध्ये बोललं आणि आपण ते गायकाचं बोलणं समजलो, असं व्हायला नको.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला स्थायिक झाले आणि महाराष्ट्रानं त्यांना आपलं मानलं. त्यांच्या तबकड्या दोन काळांतल्या आहेत. काही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या, काही १९३०च्या दशकातल्या. १९३७ साली ते गेले. या दोन काळांमध्ये खाँसाहेबांचं वय वाढलं, गाणं मुरलं, हे खरंच. पण मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. १९२५च्या सुमारास मायक्रोफोननं, विजेवर मुद्रण सुरू झालं. त्याआधी गायकाला एका भोंग्यात तोंड घालून गावं लागे आणि भोंगा आपल्याला हवे तेवढेच स्वर पुढे पाठवी. तेव्हा जुनी आणि नवी तबकडी शेजारी शेजारी ऐकताना जो फरक जाणवतो, त्यातला काही खाँसाहेबांचा आणि काही भोंग्याचा. हा हिशेब वेगळा करता येणं म्हणजेच जाणतेपणानं ऐकणं.

खाँसाहेबांचा आणखी एक धागा इथं जोडला पाहिजे. सांगलीला कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. बावीस श्रुती म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत मांडायचं त्यांच्या मनानं घेतलं. खाँसाहेबांनी गाऊन दाखवायचं आणि देवलांनी ते स्वर तारेच्या उपकरणावर जुळवून मोजायचे, असं हे काम चाललं. १९१० साली त्यांचं पुस्तक इंग्रजीत निघालं. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले. पण एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. सांगलीसारख्या संस्थानी गावात एक ब्राह्मण अंमलदार आणि एक मुसलमान उस्ताद बसले आहेत, एक गातो आहे आणि दुसरा त्या गाण्याचे आकडे लिहून घेतो आहे. आवाज आकड्यांत धरता येतो, ही कल्पना आपल्याकडे संगणकाबरोबर आली नाही.

त्याच सुमारास मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडून उस्तादांकडून, त्यांत मुसलमान उस्तादही आले, चिजा मिळवत होते आणि स्वरलिपीत उतरवत होते. स्वरलिपी म्हणजे गाण्याचे ठिपके. ठिपके पुरेसे जवळ असले तर गाण्याची आकृती कळते. पण दोन ठिपक्यांमधली मींड मात्र शिकवणाऱ्याच्या गळ्यातूनच घ्यावी लागते. ठिपके किती जवळ असले म्हणजे काहीच निसटणार नाही? या प्रश्नाचं गणिती उत्तर पुढे पाश्चात्त्य टेलिफोन कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून आलं. १९२८ साली नायक्विस्टनं आणि १९४९ साली शॅननं ते मांडलं. आवाजातलं सर्वांत वरचं कंपन सेकंदाला जितक्या वेळा होतं, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नमुना घेतला, तर मधलं काहीही हरवत नाही. मींडसुद्धा नाही. आवाजाचे नमुने आकड्यांत पाठवायची युक्ती अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ साली सुचली होती. खाँसाहेब गेले, ते हेच साल.

मध्यंतरी आवाज लोकांपर्यंत पोचवायचं काम रेडिओनं केलं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं, १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती. आपल्या कोकणात डोंगर ओलांडून आवाज यायचा तो मध्यम लहरींवर. त्यात साधारण साडेचार-पाच हजार कंपनांच्या वरचं फारसं काही येत नाही. तंबोऱ्याची जवार तिथं बोथट होते. तरी त्यावर पिढ्यांनी गाणं शिकलं, कारण रेडिओनं एक अट काटेकोरपणे पाळली : वेळ. आठ वाजता म्हणजे आठ वाजता.

मग कॅसेट आली. फिलिप्सनं ती १९६३ साली काढली, पण आपल्या खेड्यापाड्यांत ती शिरली सत्तर-ऐंशीच्या दशकांत. रायगड-रत्नागिरीच्या मुसलमान घरांत ती आखाताच्या वाटेनं आली. कमावता माणूस सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन यायचा. कॅसेटचा उपयोग नुसता गाण्यांसाठी नव्हता. ज्यांना लिहिता येत नसे त्या बाया कॅसेटमध्ये बोलत, आणि ती कॅसेट आखाताला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी धाडून देत. तिकडून उत्तर यायचं तेही आवाजात. आमच्या बोलीतली ती पत्रं आहेत. छापील मराठीत त्या बोलीला फारशी जागा मिळाली नाही. पण त्या चुंबकी फितीवर ती जशीच्या तशी आहे, हुंदक्यासकट आणि मागे ओरडणाऱ्या कोंबड्यासकट. मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून इथं नोंदवून ठेवतो.

कॅसेटची अडचण अशी, की तिची प्रत काढली की आवाज थोडा झिजतो, आणि प्रतीची प्रत काढली की आणखी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मूळ मूर्तीवरून साचा काढला तर बोटं, नखं स्पष्ट येतात. साच्यातून काढलेल्या मूर्तीवरून पुन्हा साचा काढला, तर कडा बुजत जातात. आकड्यांचं तसं नाही. सातचा आकडा शंभर वेळा उतरवला तरी सातच राहतो. १९८२ साली सीडी बाजारात आली तिचं खरं नवेपण हे होतं. तिच्यात प्रत्येक सेकंदाला, प्रत्येक बाजूचे, ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. माणसाच्या कानाची वरची मर्यादा वीस हजार कंपनं धरली तर हे पुरेसं आहे. ४४,१०० हा विचित्र आकडा का, तर सुरुवातीला हे आकडे व्हिडिओच्या फितीवर साठवत आणि त्या फितीच्या रेघांच्या हिशेबात हाच आकडा बसत होता. व्हिडिओ आणि प्रसारणाच्या जगात मात्र ४८,००० हा आकडा रूढ झाला. हे दोन आकडे लक्षात ठेवा. संगणकावरच्या निम्म्या भानगडी यांच्यातून निघतात.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा टेलिफोनच्या तारेतून तीन मिनिटांचं सीडीच्या दर्जाचं गाणं, म्हणजे साधारण ३२ मेगाबाइट, आणणं म्हणजे तासांचं काम. म्हणून आकडे कमी करायची गरज पडली आणि एमपीथ्री आलं. ते प्रामुख्यानं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं. कानाला जे ऐकू येणार नाही असं वाटतं, ते गाळून टाकायचं, ही त्याची रीत. १२८च्या एमपीथ्रीत मूळ आकड्यांचा साधारण अकरावा हिस्सा उरतो. ते घडवताना ब्रांडेनबुर्ग या शास्त्रज्ञानं सुझान व्हेगा या गायिकेचं एक विनासाथीचं गाणं कसोटी म्हणून वापरलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ढोल-ताशांत काही गाळलं तर लपून जातं. एकट्या बाईच्या उघड्या आवाजात लपायला जागाच नसते. सुरुवातीच्या प्रयत्नांत तो आवाज पार बिघडत होता.

मराठीत एकट्या बाईच्या उघड्या आवाजाचा सर्वांत मोठा साठा कोणता? जात्यावरच्या ओव्यांचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीत-संशोधकाच्या मदतीनं त्यांतल्या काहींचं शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर जगाला ऐकायला मिळतो आहे. ही ओवी ऐकताना जात्याची घरघर गाण्याचाच भाग आहे, ती लय आहे. स्वस्त यंत्र ही घरघर खाऊन टाकतं, आणि मग बाई हवेत गाते आहे असं वाटतं. म्हणून चांगलं ऐकणं ही नुसती चैन नाही.

आता संगणकाकडे. संगणक म्हणजे मामलेदार कचेरीतला कारकून. हुशार, पण समोर पन्नास माणसं उभी. तो प्रत्येकाचं थोडं थोडं करतो. टपाल पाहणं, व्हायरस शोधणं, पडदा रंगवणं, आणि त्यातच मध्ये मध्ये तुमच्या गाण्याचे आकडे पुढे सरकवणं. बाकी कामांना क्षणाचा उशीर चालतो. गाण्याला चालत नाही. म्हणून पहिली गोष्ट, गाण्यासाठी वापरायच्या संगणकावर दुसरी कामं ठेवू नका. जुना, साधा संगणक चालेल. पण त्याला एकच काम द्या. २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक निघाल्यापासून हे बेताच्या खर्चात जमू लागलं आहे.

दुसरी गोष्ट जाळ्याची. गाण्यांचा साठा एका खोलीतल्या डिस्कवर आणि वाजवणारं यंत्र दुसऱ्या खोलीत, मध्ये केबल, ही मांडणी उत्तम. फायदा अगदी साधा : पंख्याची आणि डिस्कची घरघर ऐकण्याच्या खोलीत येत नाही. जाळ्यातून आकडे पुडके बांधून येतात. प्रत्येक पुडक्याबरोबर पडताळ्याचा आकडा असतो. मिळालं की पोचपावती जाते, आणि पोचपावती आली नाही तर पाठवणारा तेच पुडकं पुन्हा पाठवतो. लुकमा द्यायची व्यवस्था ती हीच. त्यामुळे आकडे बदलण्याची भीती जवळजवळ नाही. भीती आहे ती उशिराची. त्यावर उपाय खारेपाटातल्या कुठल्याही बाईला विचारा. नळाला पाणी येतं तेव्हा येतं, म्हणून ती पिंप भरून ठेवते आणि दिवसभर एका धारेनं वापरते. संगणकातलं हे पिंप म्हणजे बफर. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते मोठं ठेवायची सोय असते. ते मोठं ठेवा. गाणं दोन सेकंद उशिरा सुरू होईल, पण मध्ये अडखळणार नाही. वायरलेसपेक्षा केबल बरी म्हणतात ती याच कारणानं, आवाज गोड होतो म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट त्या दोन आकड्यांची. संगणक सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र कालवतो. त्यासाठी बरेचदा ४४,१००चं गाणं हिशेब करून ४८,०००मध्ये बदलतो. हिशेब चांगला असला तर फरक ऐकू येत नाही, वाईट असला तर येतो. पण मुळात ही मध्यस्थी कशाला? विंडोजमध्ये २००७च्या व्हिस्टापासून ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ आहे. तो लावला की गाण्याचा प्रोग्रॅम ध्वनियंत्राशी थेट बोलतो. लिनक्समध्येही ‘अल्सा’तून थेट रस्ता आहे. त्याबरोबर संगणकाचे सगळे ‘टिंग टिंग’ बंद करा, आणि आवाज ‘सुधारणारी’ म्हणून असलेली सगळी बटनं बंद करा. संगणकातला आवाजाचा दट्ट्या पूर्ण वर ठेवून आवाज अ‍ॅम्प्लिफायरवर कमी-जास्त करा. संगणकात सहा डेसिबल कमी केले की आकड्यातला एक बिट खर्ची पडतो. चोवीस बिटांची यंत्रं आल्यापासून हे नुकसान फारसं उरलेलं नाही, पण सवय चांगली.

चौथी गोष्ट घड्याळाची. आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारी जी पेटी असते तिला डॅक म्हणतात. ती संगणकाच्या बाहेरची असावी, आणि वेळ ठरवणारं घड्याळ त्या पेटीतलं असावं. म्हणजे संगणक आकडे ढकलत नाही, पेटी आपल्या घड्याळाप्रमाणे मागून घेते. आज बेताच्या किमतीच्या पेट्यांतही ही सोय असते. पाचवी गोष्ट फाइलची. ‘फ्लॅक’ ही पद्धत २००१ साली पूर्णत्वाला आली. ती आकडे गाळत नाही, नुसते घट्ट बांधते, आणि जागा साधारण निम्मी लागते. शिवाय मूळ आकड्यांचा पडताळा तिच्या पोटातच असतो. घनपाठाची आठवण व्हावी अशी ही सोय आहे. मात्र एमपीथ्रीची फाइल फ्लॅकमध्ये बदलून काही मिळत नाही. गाळलेलं परत येत नाही.

आता न घ्यायच्या वस्तू. जाळ्याच्या केबलला सोन्याचा मुलामा दिला म्हणून सात हा आकडा अधिक चांगला सात होत नाही. पुडकी तपासूनच आत घेतली जातात, मग तार शंभराची असो की दहा हजारांची. तेच पैसे स्पीकरवर आणि खोलीवर खर्च करा. आमचं डोलवी मुंबई-गोवा महामार्गावर, वडखळच्या पुढे. एकीकडे अंबा नदी आणि धरमतरची खाडी, दुसरीकडे १९९०च्या दशकात उभा राहिलेला पोलादाचा कारखाना आणि त्याबरोबर आलेली रात्रंदिवसाची वर्दळ. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. महामार्गालगतच्या खोलीत त्यातला खालचा बराच भाग ट्रकच्या घरघरीत बुडतो. तिथं जाड पडदा, भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि घट्ट बसणारी खिडकी यांनी जे साधतं, ते महागड्या पेटीनं साधत नाही. तसंच अर्थिंग. स्पीकरमधून सतत ‘हुंऽऽ’ असा खर्ज येत असेल, तर ती बहुधा विजेची पन्नास कंपनं आहेत. वायरमनला बोलवा, सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. अर्थिंगची पिन काढून टाकायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

इथवर ऐकण्याचं झालं. पण ज्या यंत्रानं नीट ऐकता येतं, त्यानंच नीट जपताही येतं, आणि मला अधिक निकड त्याची वाटते. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था उभी केली. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ तिचं नाव. रद्दीवाल्याकडे, चोरबाजारात पडलेल्या लाखेच्या तबकड्या अशा हौशी माणसांनी वाचवल्या म्हणून आज ऐकायला मिळतात. तबकड्यांना निदान गिऱ्हाईक आहे. ज्या कॅसेटांत बायांची पत्रं आहेत, लग्नघरातली गाणी आहेत, एखाद्या आजोबांचं बोलणं आहे, त्यांना गिऱ्हाईक नाही. त्या माळ्यावर आहेत. कोकणातल्या दमट हवेत फितीला बुरशी येते, आणि त्याहून आधी ती वाजवणारं यंत्र नाहीसं होतं.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडक असा, की जुन्या फितीवरून आकड्यांत उतरवताना निदान ४८,००० नमुने आणि २४ बिट ठेवावेत, आणि पहिली प्रत जशी आहे तशी ठेवावी. खरखर काढू नये, गोडवा घालू नये. साफ केलेली प्रत वेगळी करावी, हवी तर दहा कराव्यात. कारण खरखर काढणारा प्रोग्रॅम ‘स’ आणि ‘श’ची कड खातो, श्वास खातो. आज जो कचरा वाटतो त्यात उद्या कुणी बोलीचा अभ्यासक काय शोधील, सांगता येत नाही. कॅसेट वाजवण्याआधी यंत्राचं डोकं स्पिरिटनं पुसा, पट्टा सैल नाही ना ते पाहा. पट्टा सैल असला तर आवाज डुलतो, आणि नातवाला वाटतं आजी अशीच बोलायची. उतरवून झाल्यावर तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात ठेवा.

आमच्याकडे दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेल्या वस्तूला अमानत म्हणतात. अमानत वापरायची नसते, तिच्यात भर घालायची नसते, ती मागितली तेव्हा जशीच्या तशी परत करायची असते. ध्वनियंत्राला याहून वेगळं काम नाही. हॅनोव्हरच्या कारागिराला गौहरजान दिसत नव्हती, म्हणून तिनं नाव सांगून ठेवलं. माळ्यावरच्या कॅसेटमधल्या बायांनी नाव सांगितलेलं नाही, कारण ऐकणारा आपल्याला ओळखतो याची त्यांना खात्री होती. तो ओळखणारा माणूस आज साठीत-सत्तरीत आहे. तेव्हा फाइल उतरवली की त्याला शेजारी बसवा, ऐकवा, आणि बोलणारी कोण, कुठल्या गावची, कुठल्या साली, हे त्याच्याकडून विचारून तिथल्या तिथं लिहून घ्या. संगणक बाकी सगळं सांभाळील. एवढं मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागतं.